मधला डबा

कसबा बावडा, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

अनुजा,

पाकिटावर मागे नाव घातलेलं नाही आणि पत्ता बाबांच्या अक्षरात आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट उघडलं नसतंस.

तुझा पत्ता तुझ्या आबांनी दिला. दूध संस्थेच्या पावतीमागे लिहून आणला होता. भूज, पवनचक्क्यांच्या कंपनीचं नाव, पिनकोड. काल रविवारी ते आमच्याकडे आले होते. नेसरीहून गडहिंग्लज, तिथून कोल्हापूर, मग बावड्याची सिटी बस, असं करत सकाळी अकराला दारात उभे. मी दार उघडलं आणि आधी त्यांच्या मागे कोण आहे ते बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"वळिकलंस न्हवं?" ते म्हणाले.

सहा वर्षांत ते फार वाळलेत. आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. आईने चहा केला, त्यांनी घेतला. माझ्या नोकरीचं विचारलं. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला आहे म्हटल्यावर मान हलवली. तुझं सांगितलं. पंधरा दिवसांनी फोन करतेस, म्हशींची विचारपूस करतेस, पाऊसपाणी विचारतेस आणि ठेवतेस. सहा वर्षांत एकदाही घरी आली नाहीस. आईच्या वर्षश्राद्धालाही नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या राकेटचा त्यो मधला डबा, ज्यात यंत्र बसवलं हुतं, त्यो मला परत करून पायजे."

"रॉकेट?"

"राकेट नगं. नुसता डबा. आन माझ्याम्होरं कर. मी दर रईवारी येतो की."

"कशासाठी काका?"

"बघायचं हाय. सा वर्सं झाली, ती कशानं मेली त्ये मला अजून उमगलं न्हाय."

मी म्हणाले, पॅराशूट अडकलं होतं. तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं.

"त्ये तू सांगितलंस," ते म्हणाले. "मला बघायचं हाय."

आई आतून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे काय कारण होतं?

तुला लिहायचं कारण एवढंच, की हे तुझ्या नकळत होऊ नये. दहा फेब्रुवारी दोन हजार एकोणीसला तुमच्या माळावर काय झालं ते तुला मी सांगायचं नाही. आपण दोघींनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ते रॉकेट केलं. परवानगी होती, लोकांना लांब उभं केलं होतं. ते वर गेलं आणि पॅराशूट न उघडता सरळ खाली आलं. खडकावर आपटून त्याचा खालचा तुकडा उसळला आणि चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या तुझ्या आईच्या पोटात लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दवाखान्यातच वारली. पॅराशूटची घडी तू घातली होतीस. दहाव्याला तुझ्या तानाकाकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खेळण्यापायी आईला खाल्लीस." तू मला म्हणालीस की पुन्हा आमच्या दारात येऊ नकोस, आणि महिन्याभरात तूही ते दार सोडलंस.

मी आले नव्हते. तुझे आबाच माझ्या दारात आलेत.

तुझी हरकत असेल तर दोन ओळी टाक. मी थांबवीन.

अवंतिका


कसबा बावडा
३ फेब्रुवारी २०२५

अनुजा,

तुझं उत्तर आलं नाही. तीन रविवार झाले, काका येतायत.

येताना काहीतरी आणतात. एकदा खरवस, एकदा हरभऱ्याच्या पेंढ्या. माडीवरच्या खोलीत माझं टेबल आहे तिथे खिडकीपाशी बसतात. कारखान्याचं गाळप चालू आहे, त्यामुळे खिडकी उघडी ठेवली की टेबलावर काळी काजळी पडते. ते रुमालाने ती पुसत राहतात. फार बोलत नाहीत. पण प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघतात आणि विचारतात, ह्ये कशाला?

मी त्यांना सगळं सोपं करून सांगितलं. रॉकेटची दोन नळकांडी, त्यांच्या मधे हा डबा. डब्यात प्लायवुडची पट्टी, पट्टीवर उंची मोजणारं यंत्र आणि बॅटरी. दोन्ही बाजूंना झाकणं, आणि झाकणं आवळायला आटे पाडलेल्या दोन लांब सळया. वर जाईल तशी हवा विरळ होते, खाली येईल तशी दाट. यंत्राला तो फरक कळतो. रॉकेट टोकाला पोचून वळलं, की यंत्र चिमूटभर दारू पेटवतं, नळकांडं उघडतं आणि पॅराशूट बाहेर पडतं.

"म्हंजी समदं ह्येच्यावर," ते म्हणाले.

"हो."

"डबा तर बंद हाय. मग यंत्राला हवा कुठनं कळती?"

"भोकं असतात. बाहेरच्या बाजूला."

"किती?"

"तीन."

त्यांनी डबा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला. "ह्येला न्हाईत."

"अजून पाडायचीत."

ते बरं म्हणाले. प्लायवुड मी दोनदा कापलं, आधीचं जरा तिरकं झालं होतं. बॅटरी हलू नये म्हणून पट्ट्या आवळल्या. तारांना रंग दिले. सगळं झालंय. तीन भोकं तेवढी राहिलीत. दोन रविवार काही ना काही कारण काढून मी ती पुढे ढकलली. ड्रिल चार्ज नाही म्हणाले. काल म्हणाले, बिट तुटलं.

अजून एक खोटं मी बोलले. त्यांनी विचारलं, "आदीचं यंत्र कुठं हाय?" मी म्हणाले, पोलिसांनी ठेवून घेतलं. ते म्हणाले, "पोलिसांनी समदं परत दिलं की. यादी हाय माझ्यापाशी. यादीत यंत्र न्हाय." पाचच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

यंत्र माझ्याकडे आहे, अनुजा. सहा वर्षं माझ्याकडेच आहे.

तुला एक विचित्र गोष्ट सांगते. घरी कोणाला सांगितलेली नाही. मला तुझी आई दिसते. म्हणजे भूतबीत नाही. गर्दीत पाठमोरी दिसते. हिरवं लुगडं, खांदे जरा पुढे झुकलेले, उजव्या हातात काहीतरी धरलेलं. गेल्या आषाढात मध्यवर्ती स्टँडवर अशी एक बाई जयसिंगपूरच्या गाडीत चढली, आणि मीही चढले. लॅबला जायचं होतं, पण चढले. ती पुढे बसली, मी चार बाकं मागे. वळली तर काय करायचं हे ठरवत सगळा रस्ता गेला. जयसिंगपूरला ती उतरली तशी मी उतरले आणि बाजारापर्यंत मागे गेले. शेवटी ती थांबली आणि वळली. भलतीच कोणीतरी होती. "काय पावणं, काय पायजे?" म्हणाली. मी दोन्ही हात ओढणीत घातले होते, हे ती बघत होती म्हणून माझ्या लक्षात आलं.

माझ्या हातांकडे कोणी बघितलेलं मला सहन होत नाही. लॅबमध्ये मुलांसमोर सोल्डरिंग करून दाखवायचं असतं. ते मी दुसऱ्याला सांगते.

का, ते तुला सांगायला हवं. आज नाही जमत.

अवंतिका


कसबा बावडा
१७ फेब्रुवारी २०२५

अनुजा,

काल मी यंत्र बाहेर काढलं. काकांनी पुन्हा विचारलं नव्हतं. ते आले, नेहमीसारखे बसले, रुमाल काढला, आणि मी कपाट उघडून ते त्यांच्यासमोर ठेवलं. कुठे होतं, असंही त्यांनी विचारलं नाही. त्यावर नेसरीची तांबडी माती अजून आहे. एक कोपरा फुटलाय, पण बाकी शाबूत आहे.

"चालतंय?"

मला माहीत होतं की चालतं. पहिल्या वर्षी एकदा लावून बघितलं होतं, त्यानंतर कधीच नाही. बॅटरी जोडली.

तुला आठवत असेल, ते चालू झालं की आधीच्या उड्डाणाची उंची सांगतं. टिक टिक असे आवाज करून, एकेक आकडा. मधे थांबतं. तुझ्या आबांनी कान पुढे केला. नऊ आवाज झाले. थांबलं. चार झाले. मग परत नऊ.

"काय म्हणतंय?"

"शेवटचं उड्डाण किती उंच गेलं ते सांगतंय."

"शेवटचं म्हंजी..."

"त्या दिवसाचं."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मी बॅटरी काढायला गेले तर हाताने थांबवलं. त्यांनी बोटांवर मोजलं. नऊ, चार. नऊ, चार. तुझी आई जिवंत होती तेव्हा मोजलेला तो आकडा आहे, अनुजा. किटली हातात होती तिच्या. मी उठून खिडकीकडे गेले.

"चौऱ्याण्णव फूट?" त्यांनी मागून विचारलं.

"मीटर."

"तरी बी कमी हाय. माझ्या डोळ्याला दिसंना झालतं त्ये. आपल्या माळावरनं पार बारीक ठिपका. चौऱ्याण्णव मीटर म्हंजी आमच्या टाकीच्या चौपट-पाचपट. त्ये काय दिसंना हुतंय व्हय?"

आपण पाचशेचं गणित काढलं होतं, आणि ते पाचशेच्या आसपास गेलंही होतं.

त्यांनी बॅटरी स्वतःच काढली. मग सांगायला लागले. चौदा वर्षं ते संस्थेत दुधाचं फॅट काढतायत. मशीनला बारीक नळी असते, तिच्यातून दूध वर ओढलं जातं. "नळी तुंबली की मशीन कमी दावतंय. म्हशीचं सातचं दूध चार दावतंय. लोक मशीनला शिव्या देत्यात. मशीन खोटं बोलत न्हाय. त्येच्यापत्तोर दूधच पोचलेलं नसतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्येची नळी म्हंजी ती तीन भोकं. व्हय?"

"हो."

"मग त्या दिशी ती तुंबली हुती."

मी म्हणाले, डबा मातीत पडला होता ना, माती गेली असेल.

"माती पडल्यावर गेली. पडायच्या आदी काय हुतं?"

मी म्हणाले, माहीत नाही.

त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबून एवढंच म्हणाले, "पुढच्या येळंला भोकं पाडून ठेव." आई जेवायला थांबा म्हणाली, पण थांबले नाहीत.

ते गेल्यावर मी भोकं पाडली. तीन मिनिटं लागली.

अवंतिका


कसबा बावडा
३ मार्च २०२५

अनुजा,

पॅराशूट अडकलं नव्हतं. तुझी घडी बरोबर होती. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचवलं नाही तर निदान एवढं वाचलेलं असावं.

त्या सकाळी माझ्या पिशवीत रेडियमची एक पट्टी होती. आदल्या दिवशी राजारामपुरीत गाड्यांवर नावं करून देणाऱ्याकडून कापून आणली होती. नारिंगी, आपल्या रॉकेटवरच्या पट्ट्यांच्या रंगाची. तिच्यावर आपली दोघींची नावं होती. तुला सांगितलं नव्हतं. नंतर फोटोत बघून तू हसशील असं वाटलं होतं. यंत्राचा स्विच लावायला, रॉकेट उभं केलेल्या रेलपाशी, शेवटी मी एकटीच थांबायचे, तेव्हा ती डब्याभोवती गुंडाळली. तिन्ही भोकं तिच्याखाली गेली. मला ते माहीत होतं. ओढणीला टाचणी लावून ठेवली होती, भोकांवर टोचायला. तेवढ्यात तू लांबून ओरडलीस, "अवंती, वारा पडलाय, लवकर ये." मी स्विच लावला आणि धावत आले. टाचणी ओढणीलाच राहिली.

डब्यातली हवा बाहेर पडायला वेळ लागला, परत आत यायला वेळ लागला. रॉकेट वळून खाली यायला लागलं तरी यंत्राच्या हिशेबी ते अजून वरच चाललं होतं. दारू पेटली ती जमिनीपाशी.

आणि आता हे. ते पडलं, तुझी आई खाली बसली, मग आडवी झाली. तू धावलीस, आबा धावले, सगळे तिच्याकडे धावले. मी डब्याकडे धावले. तो तिच्यापासून वीसेक पावलांवर पडला होता. मी गुडघ्यांवर बसून पट्टी सोलली, खिशात घातली, आणि यंत्र उपसून पिशवीत टाकलं. मान वर केली तेव्हा गर्दीतल्या माणसांच्या पायांमधून तुझी आई माझ्याकडे बघत होती. ती शुद्धीवर होती. माझ्या हातांकडे बघत होती.

मग मी तुमच्याजवळ आले. दवाखान्यात तू विचारलंस, काय झालं असेल गं? मी म्हणाले, "दारू पेटली होती, अनू. पॅराशूटच घट्ट बसलं होतं." तू स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस. तेव्हा सांगता आलं असतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा, दहाव्याला तानाकाकी बोलल्या तेव्हाही सांगता आलं असतं. मी तिथेच बायकांत बसले होते.

काल काका आले. डबा तयार होता. आमच्या लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत मी तो ठेवला, झाकणातून नळी घेतली आणि सायकलच्या पंपाचा वॉशर उलटा बसवून त्याने हवा ओढायची सोय केली. दारूच्या जागी छोटा दिवा जोडला. त्यांना सांगितलं, हवा ओढली की यंत्राला वाटतं वर चाललोय. हवा सोडली की खाली येतोय. खाली यायला लागताक्षणी दिवा लागायला हवा.

पंप त्यांनीच मारला. मी हवा सोडली. दिवा लगेच लागला.

"असं व्हायला पायजे हुतं," ते म्हणाले.

"हो."

"आता पट्टी लाव की."

मी त्यांच्याकडे बघितलं. टेबलावर तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी पडली होती. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. मी डबा काढून तीन भोकांवर पट्टी लावली. काका माझ्या हातांकडे बघत होते आणि या वेळी मी ते लपवले नाहीत. परत बरणी, परत पंप. मी हवा सोडली. दिवा लागला नाही. काका मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. अकरावर लागला.

ते खाली बसले.

"त्या दिशी पट्टी कुणी लावली हुती, पोरी?"

"मी."

सहा वर्षं मला वाटत होतं की हा शब्द तोंडातून गेला की काहीतरी पडेल, फुटेल. काही झालं नाही. खाली आईच्या कुकरची शिट्टी झाली. मी त्यांना सगळं सांगितलं, वर तुला लिहिलंय तसं. पट्टी अजून माझ्याकडे आहे, एका वहीत. ती आणून दिली. त्यांनी नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोघींची हायत की."

मग त्यांनी सांगितलं ते तुला माहीत नसणार. तू दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त आणायला गेली होतीस तेव्हा ते तिच्याजवळ एकटे होते. ती म्हणाली, "त्या अवंतीनं नारिंगी कायतरी सोलून खिशात घातलं." त्यांना वाटलं, तापात बडबडते आहे. नंतर पोलिसांनी सामान परत दिलं, त्यात डब्याचा तुकडा होता. एका बाजूला चिकट होता, त्यावर माती बसली होती. तो त्यांनी गोठ्यात वरच्या फळीवर ठेवला. रोज धार काढताना तो दिसायचा.

"मग इतकी वर्षं का नाही विचारलंत?"

"इचारलं असतं तर न्हाय म्हणाली असतीस. मग मला कायमचं न्हाय झालं असतं. म्हणून म्हटलं, हिच्या हातानंच करून घ्यावं. भोकापत्तोर आली की बगू."

मी विचारलं, तुझी आई आणखी काही म्हणाली का. मला शिव्या दिल्या का.

"म्हणाली, पोरगी लई भ्यालीया."

एवढंच. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "माझी माफी मागू नगंस. मी द्यायचा न्हाय. अनूला लिव. समदं लिव. आन पुढच्या रईवारी सकाळी सातला संस्थेत ये."

म्हणून हे लिहिलं. माफी मागायचं धाडस मला नाही. तुझी घडी बरोबर होती. तू नेहमी घालायचीस तशीच, एकही दोरी गुंतलेली नव्हती. मी बघितली होती. तुला घरातून, गावातून, माझ्यातून जे बाहेर काढलं ते तुझ्या हातून झालेलं नव्हतं. ते माझ्या हातून झालं, आणि मी ते तुझ्या हातात ठेवलं.

अवंतिका


कसबा बावडा
२० मार्च २०२५

अनुजा,

नऊ तारखेला मी नेसरीला गेले होते. आदल्या संध्याकाळी आई-बाबांना सांगितलं. पहाटे निघताना बाबा गाडीची चावी घेऊन बाहेर आले. संस्थेच्या दारापर्यंत आले आणि गाडीतच बसून राहिले. मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

सातला दूध घालायची रांग होती. पंचवीस-तीस माणसं, किटल्या, कॅन. बरेच चेहरे ओळखीचे. काका फॅटच्या मशीनपाशी होते. चेअरमन गणपतराव होते. काकांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "ही पोरगी कोण, समद्यांला ठावं हाय. ती काय सांगती त्ये आयका." आणि ते बाजूला उभे राहिले.

मी सांगितलं. लिहून नेलं होतं, पण कागद काढला नाही. पट्टी मी लावली, भोकं बंद झाली, म्हणून पॅराशूट उशिरा सुटलं. अनुजाने केलेलं सगळं बरोबर होतं. हे मी लपवलं आणि दोष तिच्यावर जाऊ दिला. पाच मिनिटंही लागली नसतील.

कोणीतरी मागून म्हणालं, "सा वर्सं लागली व्हय?" मी हो म्हणाले. एका माणसाने मला अशी शिवी दिली की ती मी इथे लिहीत नाही. गणपतराव त्याला गप्प बस म्हणाले. बाहेर म्हशी होत्या, त्यांच्या साखळ्यांचा आवाज येत होता.

तुझ्या तानाकाकी रांगेत पुढून चौथ्या होत्या. केस पार पांढरे झालेत. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि माझ्याजवळ आल्या. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "मग मी त्या पोरीला जे बोलले, त्येचं आता काय करू?"

त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. दोघी बायका त्यांच्याजवळ गेल्या. काकांनी मशीन चालू केलं. रांग पुढे सरकली.

तिथून मी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. जुनं यंत्र त्यांच्याकडे जमा केलं. पुढे काय होईल ते वकिलांनाही नीट सांगता येत नाही. पॉलिटेक्निकला मीच कळवलंय. सध्या रजेवर आहे.

काका गाडीपर्यंत आले. मी विचारलं, अनुजाचा काही फोन? ते म्हणाले, "गुरुवारी आलता. बोलली न्हाय कायच. पण ठिवला बी न्हाय. पाव तास नुसतं धरून हुती. मी बी धरून हुतो." मग म्हणाले, "आता तू येऊ नगंस हिकडं." रागाने नाही म्हणाले. बाबांना रामराम केला आणि परत मशीनकडे गेले.

त्यांचं बरोबर आहे. मी येणार नाही. रविवारी आता कोणी येत नाही. माडीवरची खोली मी आवरली.

तुला यायचं असेल तर नेसरीत आता तुला कोणी काही म्हणणार नाही. तानाकाकींनी तुमच्या घरी जाऊन तुझी खोली सारवून घेतल्याचं काकांनी बाबांना फोनवर सांगितलं. मला तुझ्याकडून काही नको. उत्तर नको, भेट नको. तू कधी येतेस, कधी जातेस, हेही मला कोणी सांगायचं नाही असं मी बाबांना सांगून ठेवलंय.

काका एकटेच जेवतात. घरी जा, अनू. वाटेत मी कुठे नसेन.

अवंतिका